स्टोव्हवर काळा केलेला कागद

आमच्या मिलच्या चिमणीवरच्या फलाटापर्यंत मी कधीच पोचलो नव्हतो. निम्म्या शिडीवरून खाली आलो होतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आणि ज्यांनी विचारलं, त्यांना तोंडावर उलटं सांगितलं.

जालन्याच्या बाहेर एका रोलिंग मिलमध्ये मी केमिस्ट होतो. कोळशाच्या भट्टीत लोखंड लाल करायचं आणि त्याच्या सळया ओढायच्या, असं ते काम. तिथं बी.एस्सी. झालेला मी एकटाच, त्यामुळे सरकारी कागद माझ्याकडे यायचे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला एक्याऐंशीला. तेव्हा मी अकरावीत होतो आणि असं काही झाल्याचं आमच्या वर्गात कुणाच्या कानावरही नव्हतं. बारा-तेरा वर्षांनी त्याच कायद्याचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. चिमणीतून किती राख बाहेर पडते ते मोजून लिहायचं. त्यावर मिलची परवानगी ठरायची.

मिलच्या पलीकडे एक वस्ती होती. तिथल्या शाळेच्या बाई वस्तीतच राहायच्या. बौद्ध घरातल्या, शिकलेल्या, वडील आमच्याच मिलमध्ये हमाली करून निवृत्त झालेले. त्या वर्षी वैशाखात बाईंनी तक्रार केली. कारण कुरडया. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून, पहाटे पत्र्यावर साडी अंथरून घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. एका घरच्या नाही, सगळ्या वस्तीच्या. बाईंनी अर्ज लिहिला, आठ-दहा बायकांचे अंगठे घेतले आणि प्रदूषण मंडळाकडे पाठवला. वस्तीतले पुरुष मात्र धास्तावले. निम्मे आमच्याकडेच कामाला होते.

मंगळवारी तपासणीचे साहेब येणार, असं पत्र आलं. मालकांनी मला बोलावलं. आता इथं मला सांगायला सोपं जाईल की मालकांनी दाब आणला. मनातल्या मनात मी बरीच वर्षं तसंच सांगत आलो. पण मालक एवढंच म्हणाले, "त्याच्याआधी एकदा बराबर मोजून घ्या. जे येईल ते लिहा. जास्ती आलं तर बघू काय खर्चा येतो ते."

मोजायची रीत अशी: चिमणीला वर एक भोक असतं, तिथं उभं राहायला लोखंडी फलाट. भोकात नळी घालून पंपाने धूर ओढायचा. राख नळीतल्या फिल्टर कागदावर बसते. कागदाचं वजन आधी आणि नंतर करायचं.

शनिवारी मी शिडीला लागलो. पंप दोरीने मागून ओढून घ्यायचा होता. दहा-बारा पायऱ्या ठीक गेल्या. मग वारा आला आणि शिडी हलली, किंवा मला तसं वाटलं. चिमणीची धग एका गालाला लागत होती. खाली पाहिलं तर भट्टीचा मिस्त्री मान वर करून उभा. मांड्या थरथरायला लागल्या आणि थांबेनात. मी उतरलो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, शिडी हालून राह्यली का तुम्ही?" मी हसलो. पंप विसरलो, परत आणतो, असं काहीतरी बोललो. पंप त्याच्या पायाशीच पडला होता.

रविवारी सुट्टी. सोमवारी चढेन म्हणालो. सोमवारी सकाळी शिडीकडे फिरकलोच नाही. दुपारी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं, चहाचा रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, वात वाढवून धूर काढला आणि फिल्टर कागद त्यावर धरला. कागद करडा झाला, मग काळा. एक जास्त काळा झाला म्हणून फेकला, दुसरा घेतला. वजन केलं. आकडा कायद्याच्या हद्दीच्या जरा खाली बसेल असा लिहिला. फार खाली नाही, शंका आली असती.

मंगळवारी साहेब आले आणि लाइट गेली. मशिनं थांबली, भट्टीची आग दाबून ठेवली, चिमणीतून नावालाच धूर. साहेब म्हणाले, बंद भट्टीचं मोजून उपयोग नाही, चालू दिवसाची नोंद दाखवा. मी कागद पुढे केला. तक्रार त्यांची म्हणून बाईंनाही बोलावलं होतं, त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी पेपरात बांधून एक कुरडई आणली होती, ती टेबलावर ठेवलेली. साहेबांनी नोंद त्यांना वाचून दाखवली. बाई आकड्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे तुम्ही सोता वर चढून मोजलं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग न्हाई बोलत मी काही. तुम्ही चढलेत म्हणल्यावर झालं."

त्यांनी विश्वास ठेवला नसता, तर मला बरं वाटलं असतं.

तक्रार निराधार ठरली. कुरडई नमुना म्हणून माझ्याकडे राहिली. ती मी काचेच्या बरणीत घातली, बूच घट्ट लावलं आणि घरी नेऊन माळ्यावर ठेवली. वस्तीत बाईंना कुरडईवाल्या बाई नाव पडलं. पोटावर पाय आणायला निघाली होती, असं बायकासुद्धा म्हणायला लागल्या; अंगठे देणाऱ्याच. मिस्त्री मला हे हसत सांगायचा. पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घरात, पंख्याखाली वाळल्या. त्यानंतरच्या जूनमध्ये बाई बदली मागून भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याकडे गेल्या.

मी मात्र धास्तीतच राहिलो. फाटकाशी जीप थांबली की खिडकीतून कोण उतरतं ते बघायचो. कधीतरी कुणी म्हणेल, चला, आमच्यासमोर चढून दाखवा. कुणी म्हणालं नाही. पुढे मालकांनी आपणहोऊन चिमणी उंच केली, राख अडवायचं यंत्र बसवलं. तेव्हा वाटलं, सुटलो.

गेल्या वर्षी आम्हा कारखान्यांच्या माणसांना एका प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता पृथ्वी तापवणारे वायू. शिकवणारा तरुण मुलगा म्हणाला, हा वायू दिसत नाही, वास येत नाही, कुणाच्या कपड्यावर बसत नाही. किती कोळसा जाळला हे तुम्ही लिहाल, त्यावरून तो काढायचा. उद्या याचे कायदे होतील, ते तुमच्या लिहिण्यावरच चालतील. बाकीचे पेंगत होते. मला बाई आठवल्या. बाईंजवळ निदान कुरडई होती. याच्यासाठी कुणी काय पेपरात बांधून आणणार?

घरी येऊन माळ्यावरची बरणी काढली. कुरडई तशीच आहे, ठिपक्यांसकट. बायकोने विचारलं, हे काय? जुना नमुना, म्हणालो.

चिमणीवर चढलो असतो तर आकडा हद्दीच्या वर आला असता की खाली, मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. बाई अजून भोकरदन तालुक्यात शिकवतात, एवढं विचारून ठेवलं आहे. त्या दिवशी मी चढलो नव्हतो, कागद स्टोव्हवर काळा केला होता आणि तुमची तक्रार खोटी नव्हती, हे मला त्यांना आणि त्यांच्या वस्तीला सहीनिशी लिहून द्यायचं आहे. ते अजून दिलेलं नाही.