आत्याबाईंचं मोहाखालचं घर

कुणी असला काही अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा — "झोप नीट झाली होती का?" आणि दुसरा — "शुगर कधी तपासली?" मी मोताळ्याला एका लॅबमध्ये कामाला आहे. लोकांचं रक्त काढायचं, मशीनला लावायचं, कागदावर येईल ते खरं मानायचं... एवढंच माझं तत्त्वज्ञान. भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते, नाही असं नाही, पण स्वयंपाक करता करता मालिका ऐकावी तशा. आपणच कधी अशा अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसू असं वाटलं नव्हतं. घरात विचारूनच लिहिते आहे. आमचे हे म्हणाले, लिही, पण मला त्यात येड्यासारखं दाखवू नको. बघू कितपत जमतं.

ह्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून या माणसाला एकांताचं वेड लागलं. आधी ऑनलाइन तंबू मागवला. मग रोज जेवण झालं की मोबाईलवर नकाशा उघडून हिरवे ठिपके मोठे करून बघणं सुरू. हिरव्यात एखादी निळी रेघ दिसली की स्वारी खूश! जागेच्या अटी पण मोठ्या — पाणी पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, रेंज नको, लग्नाचा डीजे ऐकू यायला नको आणि फुटक्या बाटल्या तर अजिबात नको.

अशी जागा आमच्या जिल्ह्यात सापडणं म्हणजे... राजूर घाटाच्या बाजूला एक शोधली, तिथं आमच्या आधीच पत्त्यांचा डाव बसलेला होता आणि त्यांनी ह्यांना आग्रहानं खेळायला बोलावलं. धामणगाव बढेजवळच्या एका तळ्यावर गेलो तर म्हशी आल्या. म्हशींमागे त्यांचा मालक आला. तो निघाला ह्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक, आणि त्याच्या कपाशीवर लाल्या रोग पडलेला. अंधार पडेपर्यंत आमच्या तंबूसमोर लाल्यावर चर्चा चालली. एकांत शोधायला गेलो आणि दुकानच मागोमाग आलं.

आता आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे लवकर गेले, त्यानंतर शेत आणि घर दोन्ही आत्याबाईंनी एकटीनं ओढलं. जीभ तिखट, पण ती चालायची ती ह्यांच्यावर. माझ्या वाटेला लाडच आले. लग्नानंतर मी लॅबचा कोर्स केला तेव्हा माझ्या लेकीला, ओवीला, त्यांनीच सांभाळलं. नोकरी लागल्यावर दुपारी गरम भाकर फडक्यात बांधून लॅबमध्ये यायच्या आणि रांगेतल्या पेशंटला दटावायच्या, की थांबा जरा, तिले दोन घास खाऊ द्या. मला लाज वाटायची. आज कुणी आणली तर मी रांग सोडून तिथंच बसून खाईन.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढतच जाणार हेही सांगितलं. माझं नाव गेलं. मी "ओ बाई" झाले. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट असायची संध्याकाळ. दिवे लागले की आत्याबाई आपली कापडी पिशवी भरायच्या, चपला घालायच्या आणि दारात उभ्या राहायच्या.

"मले माह्या घरी नेऊन द्या."

हेच तुमचं घर म्हटलं की रडायच्या. कुणाच्या तरी परक्या घरात अडकल्यासारख्या रडायच्या. आम्हाला वाटलं, माहेर आठवत असेल. चिखलीकडे त्यांच्या मोठ्या भावाकडे, मामांकडे नेलं. त्यांनी चहा घेतला, सगळ्यांशी गोड बोलल्या आणि म्हणाल्या, चला आता, घरी जाऊ. धामणगाव बढ्याचं जुनं घर दाखवलं, जिथं त्यांचा सगळा संसार झाला. तिथं तर आतही गेल्या नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता... आत्याबाईंना जायचंय ते घर कोणतं, आणि ते नसेलच तर रोज संध्याकाळी त्यांनी असं रडायचं का?

गेल्या हिवाळ्यात ह्यांना नवी जागा सापडली. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला किसनभाऊ म्हणून ह्यांचे एक ओळखीचे शेतकरी आहेत, त्यांच्या शेताच्या शेवटच्या बांधापलीकडे. अभयारण्य तिथून बरंच लांब, जमीन त्यांच्याच मालकीची पण पडीक, झाडी दाट. आत्याबाईंना ठेवणार कुणाजवळ, म्हणून ओवीबरोबर त्यांनाही घेतलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. जिथं कुणी बघायला नाही, तिथं त्या रडल्या तरी निदान शेजारीण खिडकीतून डोकावणार नाही.

भर दुपारी पोचलो. तूर उभी होती, हरभरा घाट्यावर आला होता. किसनभाऊंनी बांधापर्यंत आणून सोडलं आणि ते परत गेले. हे मोबाईल हातात धरून नाल्याच्या दिशेनं निघाले, कारण नकाशातली सपाट जागा तिकडे होती. आणि आत्याबाई गाडीतून उतरून बरोबर उलट्या बाजूला निघाल्या.

लक्षात घ्या, या बाईला आमच्या अंगणातून संडासापर्यंत हात धरून न्यावं लागतं. त्या पिशवी काखेत मारून, बोराटीच्या काट्यांतून पदर सांभाळत, कुठंही न अडखळता चालल्या होत्या. मी मागे धावले. मध्येच वळून म्हणाल्या, इकून या, तिकडे गारा हाये. आम्हाला कोरडी जमीनच दिसत होती. हे नंतर मुद्दाम तिकडे पाय ठेवून आले, घोट्यापर्यंत चिखलात गेले.

झाडी संपून एक मोकळी, सपाट जागा लागली. मधोमध मोहाचं मोठं झाड. आत्याबाई झाडाच्या एका अंगाला गेल्या, बसल्या, वाळलेला पाला हातानं सारला. खाली एक चपटा दगड होता. ओवीच्या मदतीनं तो सरकवला... आणि खाली पाणी. स्वच्छ, थंड, जिवंत झिरा. पिशवीतला पेला काढून त्यांनी भरला आणि माझ्यापुढे धरला.

"बसा बाई. लांबून आले तुमी."

मी पाणी प्यायले. आमचे हे तोंड उघडं टाकून उभे होते. (येड्यासारखं दाखवू नको म्हणाले होते, पण जे होतं ते होतं.)

त्या दुपारी आम्ही पाहुणे होतो आणि त्या घरच्या. गोवऱ्या आणल्या होत्या, रोडगे करायचा बेत होता. कणीक मी मळली, पण गोवऱ्या कुठं पेटवायच्या ते त्यांनी सांगितलं. तिथली माती उकरली तर खाली काळी, जळालेली होती. लसूण-मिरची कुटायला मी काही आणलं नव्हतं. त्या एका खडकाशी बसल्या, न बघता हात नेला आणि खडकातल्या एका खोलगट खळग्यात मिरच्या टाकून गोट्यानं कुटायला लागल्या. खळगा आतून गुळगुळीत होता. रोडगे राखेतून काढल्यावर पहिले काही पळसाच्या पानांवर वेगळे वाढून ठेवले. नैवेद्य का, असं ओवीनं विचारलं तर म्हणाल्या, नाही, घरच्यायचे. सकाळी ती पानं रिकामी होती, पण ते मी धरत नाही. रानात खाणारे पुष्कळ.

ह्यांनी तंबू लावला तेव्हा मात्र त्या हसल्या. घर असून अंगणात काऊन झोपता म्हणाल्या. शेवटी नातीची हौस म्हणून आत आल्या. संध्याकाळ झाली तशी मी त्यांच्या पिशवीकडे बघत बसले होते. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. कित्येक महिन्यांनी आत्याबाई सलग झोपल्या. मी त्यांच्या शेजारी पडून त्यांचा श्वास ऐकत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की हे सगळं कसं झालं याचा विचारही करावासा वाटला नाही.

तो विचार सकाळी करावा लागला. आवराआवर झाली, तंबू गुंडाळला, आणि आत्याबाई मोहाखाली निवांत बसलेल्या. ह्यांनी हात पुढे केला आणि त्यांच्या तोंडून चुकून तोच घराचा शब्द निघाला.

"माय, चाल ना घरी."

"घरीच तं हाये मी," त्या म्हणाल्या. "तुमी निघा आता. तुमच्या घरचे वाट पाहत असतीन."

ह्यांनी समजावलं, गोळ्यांचं सांगितलं, ओवीनं गळ्यात हात टाकला. त्या ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, पण उठेनात. आजवर आम्ही त्यांना रडत घरात ओढायचो, आता काय, इथून रडत ओढून न्यायचं? त्यांना उचलून न्यायचं ह्यांच्या मनात आलं होतं, मला ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते तोंड फिरवून उभे राहिले आणि खांदे हलायला लागले. लग्नानंतर मी ह्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मला कसं सुचलं ते माझं मलाच माहीत नाही. आमच्याकडे बाई आपल्या मनानं उठून कुणाकडे चार दिवस राहायला जात नाही. तिला घ्यायला कुणीतरी यावं लागतं, बसावं लागतं, रीतसर मागणं घालावं लागतं. माझे बाबा मला न्यायला यायचे तेव्हा याच आत्याबाईंपुढे सतरंजीवर बसून मागणं घालायचे. मी डोक्यावर पदर घेतला, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आत्याबाई, मी तुमाले घ्याले आली. चार दिवस चाला आमच्याकडे."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. पण लगेच संकोचून हळूच म्हणाल्या, "मले काय इचारता? घरच्यायले इचारा ना."

आता घरचे कोण? समोर मोहाचं झाड, पाला आणि ऊन. ओवी आणि हे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि त्या मोकळ्या जागेला मोठ्यानं विचारलं, की आत्याबाईंना चार दिवस पाठवता का? जीव लावून ठेवीन, माझ्या हातानं परत आणून सोडीन.

आत्याबाई मान कलती करून ऐकत होत्या. मला काहीही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हाव म्हंतात," आणि पिशवी उचलली.

निघताना चार पावलांवर त्यांनी पाय उंच उचलला, उंबरठा ओलांडतात तसा. त्यांच्यामागे मी होते. मीही उचलला. माझ्यामागे ह्यांनी पण उचलला, ओवीनं पण. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडे गेल्यावर आत्याबाई वळून, आमच्या मागे मोहाकडे बघत म्हणाल्या, "कडी लाऊन घे वो बाई, कोंबड्या शिरतीन."

आणि मागे लाकडी दार लोटल्याचा आवाज आला. मग कडी लावल्याचा. जुन्या साखळीची कडी असते ना, तिचा.

आम्ही वळून पाहिलं नाही. गाडी संग्रामपूरला लागली. तिथं ओवीनंच विचारलं, "आई, कडी कुणी लावली?" म्हणजे तिनंही ऐकलं होतं. ह्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

नंतर मी माझ्या परीनं तपास केला. मामा शपथेवर सांगतात, संग्रामपूर तर सोडाच, बहीण अलीकडच्या शेगावच्याही पलीकडे आयुष्यात गेली नाही. किसनभाऊंना तो झिरा माहीतच नव्हता. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथं कुणी राहिल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू अशा आठवणी तयार करतो. करत असेल. पण मेंदू पाणी तयार करतो का, असं मी विचारलं, तर ते हसले आणि गोळ्या तशाच ठेवल्या. आम्ही मध्ये एकदा तिथं जाऊन आलो, आत्याबाईंना न नेता. जागा आहे तशीच आहे. झिरा आहे, खळगा आहे. दार नाही.

आत्याबाई आता आमच्याकडे पाहुण्या म्हणून राहतात. संध्याकाळी रडत नाहीत. पाहुणीसारख्या कौतुकानं जेवतात, माझ्या भाजीला चांगलं म्हणतात, आणि अधूनमधून विचारतात, चार दिवस झाले का वो बाई? मी म्हणते, नाही, आज तर दुसराच. मग त्या निर्धास्त होतात. तब्येत मात्र उतरत चालली आहे, त्यांचे रिपोर्ट मीच काढते आणि मला ते वाचता येतात.

परवा त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा दुसराच म्हटलं. मग देवासमोर दिवा लावायला गेले, तर देवाशी न बोलता त्या मोहाखालच्या माणसांशीच बोलले. म्हटलं, शब्द दिलाय, आणून सोडीन... पण तुम्ही घाई करू नका. अजून थोडे दिवस राहू द्या माझ्याकडे.