जागोजींचे नसलेले दगड

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आले. अक्षर बारीक आणि नेटके होते. "आपण दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दगडांवर लेख लिहिला होता. त्या लेखामुळे त्यांतला एक दगड आता पडायला आला आहे. सवड झाल्यास येऊन पाहावे. – कमल, बालवाडी, बोरगाव, तहसील सौंसर."

लिहिण्याने माणसे दुखावतात, हे पन्नाशी ओलांडेपर्यंत मला पुरेसे कळले होते. लिहिण्याने दगड पडतो, हे मात्र नवीन होते.

ज्या वाचकांना तो लेख आठवत नसेल, त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. बोरगावजवळ संत्र्याच्या एका बागेच्या बांधावर एके दिवशी तीन उंच शिळा उभ्या दिसल्या. सारे गाव चार दिवस जत्रेला गेले होते. परत येऊन पाहतात तो हे. कोणी आणल्या, कशा आणल्या, कोणालाच ठाऊक नव्हते. नागपूरच्या एका साप्ताहिकाने मला तिकडे पाठवले. मी तेथे दीड तास होतो. परतीची गाडी गाठायची होती आणि भूकही लागली होती. गावात जागोजी नावाच्या पाथरवटाच्या अंगणात दगडाच्या कपच्यांचा ढीग दिसला, आणि मी 'गूढ उकलले' असा मथळा देऊन त्या शिळा जागोजींच्या नावावर लिहून टाकल्या. ते नाही म्हणत होते. त्यांचा नकार मी 'कलावंताचा विनय' म्हणून छापला.

नागपूरहून सौंसरला छोटी लाईन (नॅरो गेज रेल्वे) सरळ जाते. मी मात्र मोठ्या लाईनने पांढुर्ण्याला जाऊन पुढे बस धरायचे ठरवले. पांढुर्ण्याचा संत्राबाजार पाहायचा आहे, असे घरी सांगितले. खरे कारण असे की, क्षमा मागायला निघालेल्या माणसाला लांबचा रस्ता फार आवडतो.

बाजार खरोखरच पाहण्यासारखा निघाला, हे माझ्या भित्रेपणाला मिळालेले अवाजवी बक्षीस. गवतावर रचलेले संत्र्यांचे ढीग सकाळच्या उन्हात पेटल्यासारखे दिसत होते. हर्रास (लिलाव) चालू होता आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. एका बाईने न मागता संत्रे सोलून माझ्या हातावर ठेवले. "खाऊन पाहा जी, घेऊ नका. घेतल्याशिवाय राहानार नाहीच तुमी." मी दोन डझन घेतली. टपरीवर पोहे आणि वर तर्री (झणझणीत रस्सा) खाल्ली, डोळ्यांत पाणी आले, आणि मला उगाचच बरे वाटू लागले.

सौंसरच्या बसमध्ये शेजारी एक धोतर नेसलेले शेतकरी बसले होते. त्यांनी विचारले, "कोनाकडं?"

"बोरगावला."

"जागोजीचे गोटे पाहाले?"

'गोटे' म्हणजे दगड. माझ्या लेखातले नाव लोकांच्या तोंडी असे रुळलेले ऐकून मी चपापलो. म्हटले, "ते जागोजींचेच आहेत का?"

"मंग? पेपरात छापून आलं ना! पन थो कबूलच नाही करून राहिला. असा अडेल मानूस पाह्यला नाही बाप्पा. गोटा तिकडं वाकून राहिला, अन् हा हात लावत नाही."

"पेपरवाल्याचेच चुकले असेल तर?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "थो नागपूरहून आल्ता जी. चुकाले येईन काय एवढ्या दूर?"

उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर पाहत काढला. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मध्येच एखादी हिरवीगार बाग, आणि उघड्या खिडकीतून येणारा संत्र्याच्या फुलांचा वास. एवढ्या सुंदर रस्त्यावर खाली मान घालून बसणेही कठीण होते.

बोरगावच्या फाट्यावर कमलताई उभ्या होत्या. तिशीच्या, चष्मा लावलेल्या, झपाझप चालणाऱ्या. गावातल्या एका बौद्ध कुटुंबातल्या. वडील सौंसरला नोकरीला. "आलात!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एक उत्तर पाठवाल आणि सुटाल. चला, आधी दगड, मग चहा."

त्या शिळा मी या खेपेला खऱ्या अर्थाने प्रथम पाहिल्या. तिन्ही सुमारे दीड पुरुष उंच, त्रिकोणात उभ्या. दगड तांबूस करडा. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात परका. एकीवर मराठीत, दुसरीवर हिंदीत तीच वाक्ये कोरलेली. तिसरीवर एकही अक्षर नाही; ती नुसती आरशासारखी घोटलेली, आणि बालवाडीतली मुले तिच्यात पाहून भांग पाडत होती. मराठी वाक्ये मी उतरवून घेतली, त्यांतली चार येथे देतो.

'वाटसरूला नाव विचारण्याआधी पाणी विचारा.'
'बियाणे आधी राखा, मग जेवा.'
'पोरीला सासर दाखवण्याआधी शाळा दाखवा.'
'जे तुम्ही लावले नाही, त्याच्या सावलीत बसताना थोडे सरकून बसा.'

ना देवाचे नाव, ना दात्याचे, ना साल. "म्हणूनच बरं आहे," कमलताई म्हणाल्या. "कोणाचं नाव असतं तर त्याचीच माणसं बसली असती. इथं आमचीही बसतात, पाटलांकडचीही बसतात. दुपारी तर जागेसाठी भांडतात."

मराठी शिळा मात्र पूर्वेकडे झुकली होती, चांगली हातभर. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दोन पावसाळ्यांत तिने शिळेची मुळे हलवली होती. तिसरा पावसाळा ती शिळा पाहणार नाही, हे मलाही कळत होते. शिळांच्या सावलीत भरणारी बालवाडी कमलताईंनी दुसऱ्या बाजूला सरकवली होती. जागोजी तिला टाकी (छिन्नी) लावायला तयार नव्हते. गावाने सौंसरहून दुसरा पाथरवट आणला, तर तो म्हणाला, जागोजींच्या कामाला त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि जागोजी म्हणाले, माझे कामच नाही तर मी हो कसे म्हणू? तो परत गेला.

जागोजी घरासमोर गोणपाटावर बसून पाटा टाकवत (टाके पाडून खरखरीत करत) होते. साठीचे, काटक, मिशा धुळीने पांढऱ्या. मी नाव सांगितले. त्यांनी चालू असलेली ओळ संपेपर्यंत टाकी थांबवली नाही.

"तुमीच काय ते?"

"हो. क्षमा मागायला आलो आहे."

आतून त्यांच्या पत्नी पार्बताबाई कडाडल्या, "बसाले दे आधी मानसाले, मंग मागू दे क्षमा!" त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिले आणि मग माझ्याकडे वळल्या. "बरं केलं आले ते. लोकं मले म्हनतात, तुया नवऱ्यानं रातोरात गोटे उभे केले. मी म्हनलं, यानं घरची चूल चार सालांपासून बसवून देली नाही, थो बांधावर गोटे बसवते काय?"

जागोजी हसले. मला हसण्याचा अधिकार नव्हता, पण आवरले नाही.

मग त्यांनी अडचण समजावून सांगितली. त्यांच्या घराण्याची रीत अशी की, दुसऱ्याच्या घडलेल्या दगडाला टाकी लावण्याआधी त्या कारागिराला नारळ देऊन विचारायचे. तो नसला तर त्याच्या मुलाला. कोणीच ठाऊक नसेल, तर ज्या गावात दगड उभा आहे त्या गावाने म्हणायचे की आम्ही राखणदार, लाव टाकी.

"पन गाव मनते, तूच धनी," ते म्हणाले. "मंग परवानगी कोन देईन? मी हो म्हनलो तं खोटा, अन् नाही म्हनलो तं अडेल. दोन सालापासून असाच मधात लटकून राहिलो."

"तुम्हाला माझा राग आला असेल."

"राग कायचा? लाज वाटते. चला, दाखवतो."

शिळेपाशी जाऊन त्यांनी एका अक्षराच्या खोलीत अंगठा फिरवला. "हा मानूस डावखुरा. पाहा, घाव इकडून उतरला. अन् घाई नाही कुठी. एकेक अक्षर असं घासलं, जसं लेकराचं तोंड पुसते. लय मोठा कारागीर! याचं काम मी माया नावावर घेऊ? कुठी जित्ता असन अन् त्याले समजलं, तं काय म्हनन थो?" मग ते थांबले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमी तवा मायासमोर बसून चहा पेल्ले. मी काम करूनच राहिल्तो. कोनत्या हातानं मारतो, एक डाव पाह्यलं असतं, तं झालं असतं."

ते उजव्या हाताने हातोडी चालवत होते. मी त्यांच्यासमोर पंधरा मिनिटे बसलो होतो आणि त्या वेळी वहीत मथळा लिहीत होतो. कोणी रागावून बोलले असते तर मी त्यातून सावरलो असतो. त्या सौम्य वाक्यातून अजून सावरलेलो नाही.

मुक्काम बागेचे मालक शामरावजी यांच्याकडे होता. त्यांनी सांगावा धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बांधावर जमले. मी उभा राहून सांगितले की, मी चुकलो. पाहिले नाही, सांगितलेले ऐकले नाही, आणि लिहिले. मी बराच वेळ तयारी केली होती, पण वाक्ये चारच निघाली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे पेपरातलं खोटं राह्यते?"

"आता समजलं काय तुले, बुढे?" शामरावजी म्हणाले, आणि सारा बांध हसला. पण एक-दोघांना अजून पटत नव्हते. मी जागोजींच्या दबावाने बोलतो आहे, अशीही शंका निघाली. शामरावजी म्हणाले, "बुडाशी खोदून तं पाहा. टाकी नाही लावाची, माती काढाची. मातीले कोनाची परवानगी लागते?"

खोदले. हातभर गेलो नाही तोच शिळेचे बूड लागले. खाली गोल वाळूगोट्यांचा सुरेख थर, पाणी निचरावे म्हणून एकेक निवडून बसवलेला. जागोजी गुडघ्यावर बसले आणि त्यांना हसू फुटले.

"चुकला! एवढा मोठा कारागीर, पन चुकला! आपली कायी माती त्याले माहीतच नोती. मुरुमात बसवल्यासारखा बसवला बिचाऱ्यानं, हातभर. या मातीत खाली मुरूम लागेपर्यंत खोदा लागते, पोट्ट्यालेही समजते. परदेशी होता रे!"

म्हातारीनेच निकाल दिला. "हे जागोजीचं नाही. हा तं कुंपनाचा खांबही कमरेएवढा गाडते."

झाले. दोन वर्षांचे भांडण हातभर मातीत मिटले. गावाने 'आम्ही राखणदार' असे एका सुरात म्हटले. नारळ कोणी द्यावा यावर नवा वाद सुरू होताच कमलताईंनी तो माझ्या हातात दिला. मी तो जागोजींना दिला. त्यांनी तो डोक्याला लावला, शिळेपाशी ठेवला आणि त्या अनोळखी माणसाला उद्देशून म्हणाले, "भाऊ, रागावू नको. बूड तेवढं दुरुस्त करतो. अक्षराले हात लावनार नाही."

मग टाकीचा आवाज सुरू झाला. पहारी आल्या, नाड्या (जाड दोर) आल्या, लाकडाची तिकाटी उभी राहिली. खड्डा मुरुमापर्यंत गेला. दोर ओढणाऱ्यांत मीही लागलो, वय विसरून. "हैया रे!" म्हणून सगळ्यांनी ओढले आणि माझा पाय बागेच्या पाटात गेला. मी पाठीवर पडलो, चिखलात, स्वच्छ पायजम्यासकट. "नागपूर पडलं!" कोणी तरी ओरडले. हसण्याने दोर सुटतो की काय, अशी वेळ आली. जागोजी मात्र शिळेवरची नजर न काढता ओरडले, "हासा, पन सोडू नका रे!"

दुपार व्हायच्या आत शिळा ओळंब्यात आली. जागोजींनी तीन बाजूंनी ओळंबा धरून पाहिला, चौथ्यांदाही पाहिला, आणि मग मागे सरून पहिल्यांदा साऱ्या शिळेकडे पाहिले. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी वर्णन करणार नाही. एकदा त्यांच्याविषयी न पाहता लिहिले. आता पाहिलेले थोडे मजपाशी राहू द्या.

जेवण बांधावरच झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे (जाड्या कणकेचे गोळे) तुपात बुडवून, वांग्याची भाजी, वर भरपूर सांभार (कोथिंबीर). मी चार रोडगे खाल्ले. पार्बताबाई पाचवा वाढत म्हणाल्या, "खा, खा. क्षमा मागून मानूस भुकेजते."

जेवणानंतर मी वही काढून जागोजींना विचारले, "आता काय लिहू?"

"लिहा, कोनी बसवले माहीत नाही."

"एवढेच?"

ते थोडे घुटमळले. "अन् सरळ कोनी केला, थे लिहाले हरकत नाही."

"नाव बराबर लिहा," पार्बताबाई म्हणाल्या. "अन् चुलीचंही लिहा."

परतताना मी लांबचा रस्ता घेतला नाही. शामरावजींनी बैलगाडीतून रामाकोन्याच्या स्टेशनवर सोडले आणि छोट्या लाईनच्या इवल्याशा गाडीत मी पायजम्यावरचा वाळलेला चिखल खरवडत बसलो. गाडी इतकी सावकाश चालते की, बाहेरच्या झाडावर किती फळे आहेत ते मोजता यावे. मला त्या संथपणाचे प्रथमच कौतुक वाटले. एवढी वर्षे मी ठिकाणे पाहिली ती उत्तर गाठण्याच्या घाईने. ज्या माणसाने परक्या मातीत शिळा उथळ उभ्या केल्या, त्याची चूक कोणी तरी प्रेमाने दुरुस्त केली, माझीही केली. अशी दुरुस्ती आपल्या वाट्याला यावी इतके आपण चांगले नसतो, तरीही ती येते, आणि मग गप्प बसून आनंद मानण्यावाचून काही करता येत नाही.

नागपुरात पोचल्यावर मी खुलासा लिहून संपादकांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे छापायचे? 'आम्हाला माहीत नाही', असे?"

"हो," मी म्हणालो. "पहिल्या पानावर. मागच्या वेळी 'आम्हाला माहीत आहे' असे तिथेच छापले होते."