थकलेल्यांचा फोटो

अक्काच्या फोटोंत चेहरे कमी, हात जास्त. नंदुरबारच्या कला महोत्सवाची गर्दी ती कमरेच्या उंचीवरून टिपायची. फुगा सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळलेला दोरा, कंटाळून ढोलावर टेकवलेला कोपर. तळोद्याच्या रस्त्यावर जीप उलटली, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. "जरा वरून घ्या ना," असं कुणी म्हटलं की सांगायची, "मन्हा कॅमेरा बठेल शे."

खुर्ची न विचारता ढकललेली तिला खपत नसे. मी तिची शेजारीण. सोबत जायचे, पण हात मागे बांधून. गर्दी तिच्यापुढेच येऊन उभी राहायची आणि तिच्या वाट्याला नुसत्या पाठी यायच्या. ती थांबायची. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे. वर्षानुवर्षं चाकं फिरवून ते झिजलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्याशिवाय ती ते कुणाला सांगत नसे.

गेल्या वर्षी मंचाला पायऱ्याच होत्या. उतार करा, असं ती दरवर्षी सांगायची. संयोजकांपैकी एक जण धावत आला. "अक्का, पोरं आहेत ना, उचलून घेतो वर."

"माले सामानसारखं चढाडू नका. वाट करा."

"पुढच्या वर्षी नक्की."

ती वाद घालत बसली नाही. खुर्ची वळवून मंचामागे गेली. तिथे काठी गावाहून आलेला एक नाचणारा मोरपिसांचा टोप मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता, अंगाला फासलेली राख घामाने ओघळलेली. अक्काने कॅमेरा उचलला.

तो ओशाळला. "नाचतानाचा काढा ना, बाई. हा कशाला?"

"नाचनारा सगळाच काढतस," अक्का म्हणाली. "थकेल कोन काढस?"

तो हसला नाही, पण हललाही नाही. तेवढा एक फोटो झाला आणि अक्काचा उजवा हात खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही. कॅमेरा माझ्याकडे देत ती म्हणाली, "चाल, घर चाल. ढकल आते."

महिन्याभरात भाऊ तिला सुरतला घेऊन गेला. जाण्याआधी तिने तो फोटो मोठा करून तळोद्याच्या जीपवाल्याबरोबर काठीला पाठवला.

यंदा मंचाला उतार झाला. मी तिथूनच तिला फोन केला. तिने विचारलं, "कोन चढनं त्यावरथीन?"

"साउंडवाले. खोकी ढकलत नेत होते."

"चाला," अक्का म्हणाली, "कोन्हं तरी वझं हलकं व्हयनं."