फिरकी मी आवळली होती

वैभवी एकोणचाळीस वर्षांची झाली त्या वर्षी तिने उन्हाळी नोकरीसाठी अर्ज केला, आणि टोकियोच्या ओजिमा वस्तीतल्या मराठी बायकांना आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. नोकरी होती डोंगरावरची. जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मध्य जपानच्या उंच डोंगरांत चढणाऱ्यांची रीघ लागते. तिथे गस्त घालायची, वाट चुकलेल्यांना शोधायचं, पाय मोडलेल्यांना दोरावरून खाली उतरवायचं, अशी ती हंगामी तुकडी. निवडचाचणीत पास झालेल्यांनाच घेतात, आणि परदेशी बाई त्या तुकडीत तोवर कधी आलेली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी ती सारंगबरोबर पुण्याहून आली. सारंग सॉफ्टवेअरवाला, त्याच्या कामाला भाषा फारशी लागत नव्हती. हिला लागली. आधी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात तिने टोपी-मास्क घालून भातावर एकेक लोणच्याचं फळ ठेवलं. मग घराजवळच, कोतो भागातच, कृत्रिम भिंत चढायच्या एका जिममध्ये तिला अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मिळाला. भिंतीवरच्या रंगीत खुंट्या ब्रशने घासायच्या, लोकांच्या भाड्याच्या बुटांवर फवारा मारायचा. एकदा सगळे जेवायला गेलेले असताना ती सहज भिंतीवर चढली आणि मालकाने पाहिलं. पुण्यात कॉलेजपासून लग्नापर्यंत आठ वर्षं ती सह्याद्रीतले सुळके चढलेली होती, हे तिने तिथे कोणाला सांगितलेलंच नव्हतं. तुकडीची जाहिरात मालकानेच तिच्या हातात ठेवली.

मग तिने तयारी केली ती अशी, की बिल्डिंगमधल्या जपानी आज्याही तिला ओळखू लागल्या. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, वीस किलो, चौदा मजले वर, चौदा मजले खाली. लिफ्ट समोर असून ही बाई जिन्याने का जाते, असं त्यांना वाटे. "गंबात्ते!", म्हणजे नेट लाव, असं म्हणत त्या तिला वाट करून देत.

चाचणी मे महिन्यात होती. दोन दिवसांची. बारा उमेदवार, जागा पाच. घळींमध्ये अजून बर्फ होता. तुकडीप्रमुख तोकिवा-सान साठीच्या घरातले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ होते. जोड्या लावल्या गेल्या तेव्हा वैभवीच्या वाट्याला इगाराशि-सान आले. वय छप्पन्न. नीगातामध्ये तीस वर्षं शहर बस चालवून मुदतीआधी निवृत्त झालेले. बोलायला कमी. तिचं नाव त्यांना उच्चारता येईना. 'बाइबाबी-सान' झालं, आणि दोन दिवस तेच राहिलं.

पहिल्या दिवशी पंचवीस किलोचं ओझं घेऊन चार तास चढ होता. तो तिला जड गेला नाही. जड गेलं ते वायरलेसवरून निरोप सांगणं. घाबरली की तिची जपानी वाक्यं शेपटीकडून सुरू होत. जेवणाच्या सुटीत इगाराशि-सान तिच्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "माणसाचं नाव नंतर. आधी जागा सांगा, मग जखम. आम्ही बसमध्येही तसंच सांगायचो." आपला भाताचा गोळा तसाच ठेवून त्यांनी तिच्याकडून तो निरोप सात वेळा म्हणवून घेतला. दुपारी तिचा निरोप बिनचूक गेला.

दुसऱ्या दिवशी दोराची परीक्षा. स्ट्रेचरवर वाळूच्या पोत्यांचा 'जखमी' बांधून तो वीस मीटर उतारावरून खाली सोडायचा. वेळ मोजलेला. वैभवी वर, खडकाला बांधलेल्या पट्ट्यापाशी. दोर ज्या कडीत अडकवायचा ती कडी तिने लावायची आणि कडीच्या तोंडावरची फिरकी आवळून ती बंद करायची. फिरकी उघडी राहिली तर ताण येताच दोर निसटू शकतो. म्हणून नियम असा, की फिरकी आवळली की बोट दाखवून मोठ्याने "योशी!", म्हणजे 'ठीक आहे', म्हणायचं. स्टेशनवर ट्रेनचे गार्ड म्हणतात तसं.

तिचे हातमोजे ओले झाले होते. बोटं कुठे आहेत ते कळत नव्हतं. तिने कडी लावली, पण फिरकीत बर्फाचा चुरा अडकला होता आणि ती फिरेना. मोजा काढावा आणि मग आवळावी, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात खालून, स्ट्रेचरपाशी उभ्या असलेल्या इगाराशि-सानांनी विचारलं, "फिरकी?"

"योशी!" तिच्या तोंडून निघून गेलं. बोटही दाखवलं गेलं.

मग ती दोराच्या वेटोळ्याकडे वळली आणि मोजा काढायचा राहूनच गेला. इगाराशि-सान वर आले, कडीजवळ पिळा पडलेला पट्टा हाताने सरळ केला, पुन्हा खाली गेले. ताण द्यायच्या आधी तोकिवा-सानांनी हात वर केला. सगळं थांबलं. ते खडकापाशी आले आणि अंगठ्याने कडीचं तोंड आत ढकललं. ते सहज उघडलं.

"ही कोणी लावली?"

"मी," वैभवी म्हणाली.

"आवळली होती?"

इथे ती खरं बोलू शकत होती. राहिली, एवढंच म्हणायचं होतं. पण बाकीचे दहा जण बघत होते, जिन्यातल्या आज्या, सारंग, जिमचा मालक, सगळे तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले, आणि ती म्हणाली, "हो. फिरकी मी आवळली होती."

इगाराशि-सानांनी कडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. "मग पट्टा सरळ करताना माझाच हात लागला असेल," ते म्हणाले. "चूक माझी." आणि कमरेत वाकले.

तोकिवा-सानांनी वहीत काहीतरी लिहिलं. चार वाजता निकाल वाचला गेला. चौथं नाव तिचं होतं. इगाराशि-सानांचं नव्हतंच. बसथांब्यावर ते तिला शोधत आले, अभिनंदन केलं, आणि आपले कोरडे हातमोजे पुढे केले. "तुमचे ओले आहेत. घरी पोचेपर्यंत घाला."

तिने ते घेतले. घातलेसुद्धा.

घरी केक आणलेला होता. चौदा वर्षांची अनघा एरवी आईच्या प्रश्नांना मोबाइलमधून मान वर न करता जपानीत उत्तरं द्यायची. त्या दिवशी तिने "माजि? आई, सुगोई!", म्हणजे खरंच? भारीच!, म्हणत आईला मिठी मारली आणि लगेच वर्गातल्या सगळ्यांना कळवून टाकलं. वैभवी केक कापताना हसली. त्यानंतरचे दिवस ती सगळ्यांपुढे हसत राहिली. स्वतःला ती समजावत होती, की असेलही, आवळली असेलही मी, कोणाला नक्की आठवतं? पण तिला नक्की आठवत होतं. शिवाय तिने आणखी एक पळवाट काढली होती: ते वाक्य जपानीत होतं. परक्या भाषेत, घाईत, तोंडाला येईल ते बोलून गेले. ते बोलणारी जणू ती बाइबाबी-सान कोणी वेगळीच बाई होती.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, ओजिमातल्या मराठी मंडळाने तिचा सत्कार ठेवला. बिल्डिंगच्या समाजमंदिरासारख्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. पोहे, बटाटेवडे, चहा. स्नेहलताताई वयाने मोठ्या, पंचवीस वर्षं जपानात काढलेल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "आमच्या वैभवीने आपल्या सगळ्या बायकांची मान उंच केली. आता चार शब्द बोल गं पोरांसाठी."

ती ओझ्याबद्दल बोलली, बर्फाबद्दल बोलली, वायरलेसचा निरोप सात वेळा म्हणवून घेणाऱ्या बस ड्रायव्हरबद्दलही बोलली. टाळ्या वाजल्या. मग पहिल्या रांगेतून अनघाने विचारलं, तेही चक्क मराठीत, "आई, ते बसवाले काका पास झाले?"

"नाही गं," वैभवी म्हणाली. "त्यांच्या हातून चूक झाली."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. चूक झाली, हे वाक्य वैभवीने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मुलीच्या डोळ्यांत बघत, शाल पांघरून म्हटलं होतं. आता ते बाइबाबी-सानवर ढकलता येत नव्हतं. पुढचा तासभर तिने लोकांच्या हातात वड्यांच्या बशा दिल्या, आणि जो तो तिला "वा!" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इगाराशि-सानांना फोन लावला. बायकोने उचलला. "ते इस्पितळात गेलेत," ती म्हणाली. "बोटांना स्पर्श नीट कळतो की नाही, ते दाखवायला. त्या चाचणीनंतर त्यांनी मनाला लावून घेतलंय. गॅस बंद केलाय का, दार लावलंय का, चार-चारदा उठून बघतात. गाडी चालवायची सोडलीय. म्हणतात, माझे हात काय करतात ते मला कळत नाही."

वैभवीने सारंगला सगळं सांगितलं आणि नीगाताला जाऊन येते म्हणाली. त्याने चष्मा काढून पुसला. "फोनवर सांग ना," तो म्हणाला. "एवढ्या लांब जाऊन काय... आणि पुढच्या वर्षी ते देतीलच की परीक्षा."

"सारंग, तो माणूस हात तपासून घेतोय."

शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट त्यानेच काढून दिलं.

इगाराशि-सानांचं घर नीगातामधल्या जुन्या चाळवजा इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी तिला आत बोलावलं, बसायला उशी दिली. तिने त्यांचे धुऊन घडी केलेले हातमोजे पुढे ठेवले आणि गाडीत पाठ केलेलं सगळं सांगितलं. फिरकी फिरली नव्हती. मोजा काढायचा होता, विसरले. खोटं बोलले. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता.

ते ऐकत होते.

"डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहेत," मग ते म्हणाले. "मी म्हटलं, पुन्हा तपासा. तीनदा तपासायला लावलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा चळलाय."

ती कपाळ जमिनीला टेकून वाकली.

"उठा. चहा गार होतोय." आणि तिने पेला हातात घेतल्यावर, "आलात ते बरं केलंत. पण आज मला तुमच्याशी बोलवत नाही."

तिने तो चहा प्यायला. कसा प्यायला ते तिचं तिलाच माहीत. इगाराशि-सानांची बायको दारापर्यंत आली. जपानात पाहुणा नजरेआड होईपर्यंत दारात उभं राहतात. वैभवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचली, तेव्हा मागे दार लागल्याचा आवाज आला.

तोकिवा-सानांना तिने जपानीत पत्र लिहिलं, हाताने. तपासून घ्यायला घरात एकच माणूस होतं. अनघाने ते डायनिंग टेबलावर दोनदा वाचलं. तिचा चेहरा कसा होत गेला, ते बघणं वैभवीने टाळलं नाही.

"इथे 'वाताशि वा' लिहिलंयस," अनघा म्हणाली. "'वाताशि गा' हवं. 'वा' म्हटलं की नुसतं 'मी अमुक केलं.' 'गा' म्हटलं की 'ते मीच केलं, दुसऱ्या कोणी नाही.' तुला तेच म्हणायचंय ना?"

"हो. तेच."

अनघाने पेनने दुरुस्ती केली, कागद आईकडे सरकवला आणि आपल्या खोलीत गेली. पुढे बरेच दिवस ती आईशी जपानीतच बोलली.

तोकिवा-सानांचा फोन आला. "फिरकी राहते," ते म्हणाले. "माझीही राहिलीय. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी गुण कापले असते, कदाचित घेतलंही असतं. या वर्षी मात्र तुम्ही येऊ नका." इगाराशि-सानांना त्यांनी जूनमध्ये पुन्हा बोलावलं. ते पास झाले आणि जुलैत डोंगरावर गेले.

मंडळात सांगणं राहिलं होतं. ते तिने महिन्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं आणि शाल स्नेहलताताईंच्या हातात दिली. "अगं, शाल कसली परत करतेस," त्या पुटपुटल्या, पण घेतली. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढं काय मनाला लावून घेतेस, कोणी मेलं का?" असंही एक जण म्हणाली, आणि वैभवीला ते सगळ्यात जास्त लागलं. जुलैभर ती जिममध्ये बूट पुसत राहिली. जिन्यात भेटणाऱ्या आज्या विचारत, "डोंगरावर कधी जाणार?" दर वेळी ती उत्तर देई, "मला काढून टाकलंय." त्या गोंधळून हसत.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. त्यात एक रकाना होता: यापूर्वी अर्ज केला असल्यास काय झालं? तिने खालची कोरी जागा आणि पानाची मागची बाजू भरून काढली. चाचणी पुन्हा दोन दिवस चालली. तिचं नाव या वेळी पाचवं, म्हणजे शेवटचं होतं.

आता तिचे दोन हंगाम झाले. पहिल्या हंगामात तिने एका निवृत्त शिक्षिकेला मोडलेल्या घोट्यासकट सहा तासांत खाली आणलं. वायरलेसवर आता तिची वाक्यं उलटी होत नाहीत. अनघा सुटीत दोन दिवस वर येऊन राहिली, आणि जाताना मराठीत "सांभाळून गं" म्हणाली.

इगाराशि-सानही तिथेच असतात, वरच्या निवाऱ्यात. वाटेत भेटले की थांबतात, हवा विचारतात, "ओत्सुकारे", म्हणजे दमलात हं, असं म्हणतात. त्यात कडवटपणा नसतो. मात्र तिच्याबरोबर दोरावर ते अजून एकदाही गेलेले नाहीत. पाळ्यांचं वेळापत्रक करताना तोकिवा-सान ही दोन नावं वेगवेगळ्या दिवशी टाकतात, आणि तुकडीत त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. वैभवीही नाही.