मास्तरांना लुगडं नेसवलं तेव्हा

लुगडं तिसऱ्यांदा सुटलं, तरी मास्तर हात वर करूनच उभे होते. बारामतीच्या नाट्यगृहातला रंगपट, म्हणजे नटांची तयार व्हायची खोली. बाहेर त्यांच्याच सत्काराचा कार्यक्रम सुरू झालेला.

मास्तर म्हणजे संगीत नाटकातले मोठे नट. पन्नास वर्षं बायकांच्या भूमिका केल्या. आता वय अठ्ठ्याहत्तर. लुगड्यात एक शेवटचं पद म्हणायचं, तिथंच सत्कार घ्यायचा अन् थांबायचं, असं त्यांनी ठरवलेलं.

मी त्यांचा मेकअपमन. इंदापूर तालुक्यातला, डाळजचा. शाळा चौथी. तोंड रंगवणं, केसांचा टोप बसवणं हे माझं काम. लुगडं नेसवायची माझी बायको, शेवंता. ती पौषात गेली. त्यानंतरचं हे पहिलंच काम.

संयोजक घाम पुसत आत आला. "मास्तर, मानपत्र वाचायला घेतलंय. ते संपलं की पडदा. ही पार्लरमधली शिवलेली नऊवारी हाय. पँटीसारखी चढवायची, झालं!"

मास्तर भडकले. "मी काय शाळेच्या गॅदरिंगला आलोय? नेसून जाईन, न्हायतर घरी जाईन."

संयोजक पळाला. बाहेर मानपत्रात मास्तरांचं पहिलं सुवर्णपदक आलं. आत आमचं गाडं कमरेपाशीच अडलेलं.

"गणपा, तुझ्या डोळ्यांदेखत नेसवायची ना ती?"

"माझे डोळे शेजारच्या नटाला मिशी चिकटवण्यात असायचे, मास्तर."

त्यांनी डोळे मिटले. "थांब. मला नेसवता येत नाही, पण ओढ कुठं बसायची ते आठवतंय. गाठ खाली. अजून खाली. आता निऱ्या, चार बोटांच्या. काष्टा खोचताना ती मागून गुडघा टेकायची."

"माझा गुडघा वर येत न्हाय."

"मग डोकं टेक!"

टेकलं. ओढलं. काष्टा बसला. तोंड लुगड्यातच होतं, तिथंच डोळे पुसले. शेवंतानं बघितलं असतं तर लुगडं खराब केलं म्हणून शिव्या घातल्या असत्या.

राज्य पुरस्कार झाला, दिल्लीचा झाला, तेव्हा कुठं पदर खांद्यावर गेला. माणसाला एवढे मान मिळाले होते म्हणून निभावलं. दोन कमी असते तर भर सभेत फजिती होती.

पडदा उघडला. मास्तर चार पावलं चालले अन् बाईच चालली. पदातली लांब तान त्यांनी निम्म्यात सोडली. लोकांना तेही नाजूक वाटलं. सगळं नाट्यगृह उभं राहिलं. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग.

आत आल्यावर मास्तरांनी आधी कमरेची गाठ सैल केली.

"फार आवळलंस रे. तानेला श्वासच पुरेना. ती श्वासापुरती जागा ठेवायची."

हे मला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं आमी नवराबायको एकाच खोलीत काम करत होतो, कधी विचारलं नाही. बायकोचं काम ती असतानाच शिकून घ्यावं. नंतर ते दुसऱ्याच्या कमरेला विचारत बसावं लागतं.