भाडेपट्ट्यासाठी जुळवलेली आत्या

मिरजेतल्या आमच्या बिल्डिंगमधले फ्लॅट आमच्या मालकीचे आहेत, पण खालची जमीन सरकारची, भाडेपट्ट्यानं घेतलेली. घर आपलं आणि पाया दुसऱ्याचा. ही गोष्ट आम्ही सगळे वर्षानुवर्षं सुखानं विसरून गेलो होतो. आठवण झाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फ्लॅट विकायला काढला तेव्हा. गिऱ्हाईक चांगलं होतं, इथल्याच एका हॉस्पिटलात काम करणारं जोडपं. पण त्यांच्या बँकेनं हात वर केले. पट्ट्याची मुदत संपत आलीय, ती वाढवून आणा, मग कर्जाचं बघू.

वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मलकापुरात बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी बघून ठेवल्या होत्या. जोडपं दिवाळीपर्यंत थांबायला तयार होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर ओरडायला हक्काची माणसं उरली नव्हती, म्हणून हे पद घेतलेलं. अर्ज, ठराव, नकाशे, सगळं रीतसर देऊन झालं होतं. आता फक्त गप्प बसून वाट बघायची होती. एवढं साधं काम मला जमायला हवं होतं.

पण कचेरीत पट्ट्यावर सही करणारे नवे साहेब साताऱ्याच्या औंधकडचे आहेत असं कळलं आणि माझ्या अंगात आलं. मीही मूळचा त्याच बाजूचा. आमच्याकडं माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग कुणाची लेक कुठं दिलीय ते. चहा येईपर्यंत नातं निघतंच. मी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "साहेब आपल्या पाहुण्यातलाच हाय. काळजी सोडा." वहिनींनी हात जोडले. मी मान डोलावली, जणू सही मीच करणार होतो.

साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि पुडा घेऊन कचेरी गाठली. साहेबांच्या टेबलासमोर बाकावर माणसं ताटकळत बसलेली. साहेब तरुण, सभ्य. एक फाइल पुढ्यात, हातात पेन. ते काही बोलणार होते, पण मी बोलू देईन तर ना.

"साहेब, गाव कुठलं म्हणायचं?"

त्यांनी सांगितलं.

"आवं, मग आपण पाहुणेच की! माझी चुलत आत्या तुमच्या भावकीत दिलीय."

अशी आत्या मला नाही. ती त्या क्षणीच जन्माला आली.

साहेब गोंधळले. "मला ठाऊक नाही, आईला विचारतो," म्हणाले आणि फोन लावून तो टेबलावर स्पीकरवर ठेवला. पलीकडून आई म्हणाल्या, "व्हय की! लांबच्या हायती, पर आपल्यातल्याच. चा पाजलास का न्हाई त्यास्नी?"

पाहुणा म्हणून आलेल्याला नाही म्हणायची त्या माउलीकडं रीतच नसावी. बाकावरच्या एकानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "बघ गड्या, पाव्हण्याचं काम कसं झटक्यात हुतंय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"सर, तुमचं प्रकरण तयार होतं. आत्ता सहीच करत होतो. पण एवढ्या लोकांसमोर तुम्ही नातं लावलंत, वर हा पुडा. मी सही केली तर उद्या तक्रार होईल. आता हे दुसऱ्या साहेबांकडं जाणार."

दुसरे साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले.

आत्या खोटी आहे, एवढंच तिथल्या तिथं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण फोनवरची ती माउली अजून "जेवायलाच घिऊन ये" म्हणत होती, बाक कान देऊन ऐकत होतं. मी पुडा उचलला आणि बाहेर पडलो. निम्मे पेढे रिक्षातच खाल्ले.

त्यानंतर वहिनी जिन्यात भेटल्या की मी म्हणायचो, "चाललंय काम." त्या म्हणायच्या, "तुमची वळख हाय म्हणून बरं." हे ऐकवेना, म्हणून त्यांची चाहूल लागली की मी दाराच्या आतच थांबायला लागलो. दिवाळी गेली. जोडप्यानं दुसरीकडं फ्लॅट घेतला. मग निवांत कधीतरी आमचा पट्टा वाढला, आणि सोसायटीनं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मी तो करून घेतला. टाळ्या वाजवणाऱ्यांत वहिनी नव्हत्या. भाजीला एकदा उतरावंच लागायचं, दिवसात दुसऱ्यांदा जिना उतरणं त्यांना झेपत नव्हतं.

ती शाल अंगावर तशीच घेऊन मी वर गेलो. वहिनी दारात खुर्ची टाकून चप्पल घालत होत्या. मी सगळं सांगून टाकलं, आत्यासकट.

"मजी आत्या न्हवतीच?"

"नव्हती."

"मग तवाच तिथं का न्हाई बोलला?"

"लाज वाटली, वहिनी. एवढी माणसं बसलेली."

"आन मी माणसात न्हाई व्हय?"

खाली भाजीची गाडी आली होती. वहिनी पिशवी घेऊन उठल्या, कठडा धरला. मी पिशवीला हात घातला.

"र्‍हाऊ द्या. तुमी व्हा पुढं. मागं कुणी असलं की मला घाई हुती."

मी पुढं झालो. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग दुसरी पायरी. तो आवाज माझ्या पाठीमागं खालपर्यंत येत राहिला. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.