मीराताई अजून ‘पोचले’ म्हणत नाही

चांदबी मावशीवर अन्याय झाला. चैत्रातल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेदोन वाजता, एका सरकारी रुग्णालयात, बाळंतपणाच्या खोलीच्या दारात. कळा देणाऱ्या बाईची सोबत करायला आलेल्या बाईला “नातं काय?” असं विचारून बाहेर बसवलं गेलं. बसवणाऱ्यांत एक नाव माझंही आहे. ते लपवणार नाही.

आता हे या अद्भुत अनुभवांच्या सदरात का पाठवतेस, असं आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटातल्या सगळ्यांनी मला विचारलं. बरोबरच आहे. लिंबातून रक्त काढणाऱ्या बाबांच्या करामती गावोगावच्या चौकात करून दाखवणारी, त्यामागची रसायनं सांगणारी मी. भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नव्हते. आजही मानत नाही. पण माझ्यासमोर जे झालं ते दडवलं, तर मग माझ्यात आणि त्या बाबांत फरक काय?

आमचं गाव नांदूरघाटच्या बाजूला. चांदबी मावशी आमच्या गावची पाठराखीण. शहरातल्या वाचकांसाठी सांगते — लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. दोन-तीन दिवस राहायचं, परक्या घरात मुलीजवळ झोपायचं आणि परत येऊन तिच्या आईला खरं काय ते सांगायचं. बाकी गावांत घरातलीच कुणी आत्या-काकी जाते. आमच्याकडे मात्र मुलगी कुणाचीही असो, चांदबी मावशीच. तिचा नवरा पेरू-सीताफळं विकायचा. तो गेल्यावर ती एकटी, आणि सगळ्या गावच्या पोरी तिच्या. पुढं पुढं पोरी बाळंतपणालाही तिलाच बोलवायला लागल्या.

तिची एक रीत होती. डावा हात मुलीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. त्या हाताची करंगळी कडबा कापायच्या मशिनीत गेलेली, म्हणून चारच बोटं. आणि सासरहून ती आपणहून कधीच निघायची नाही. मुलीनं म्हणायचं — “पोचले, मावशी.” मगच ती पिशवी उचलणार. बहुतेक जणी तिसऱ्या दिवशी म्हणायच्या. एकीनं पंधरा दिवस म्हटलं नाही, तर मावशी तिच्या सासूचे टोमणे खात पंधरा दिवस राहिली. ती एक म्हणजे माझी थोरली बहीण, मीराताई.

आता माझा गुन्हा.

त्या रुग्णालयात बाळंतिणीजवळ कुणालाच सोडत नव्हते. बाई आत एकटी ओरडत पडायची. आम्ही पिवळी पत्रकं छापली, निवेदनं दिली, फाटकात ठाण मांडलं, आणि जिंकलो. भिंतीवर पाटी लागली — ‘प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकास आत प्रवेश.’ शब्द न् शब्द आमच्या पत्रकातला. कच्च्या मसुद्यात ‘सोबतीण’ होतं. “गावठी वाटतंय, नातेवाईक लिहा” असं म्हणून त्यावर काट मारली ती मी.

मीराताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आम्हाला आई नाही. त्या मंगळवारी तिला कळा लागल्या, तर जीपमध्ये एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या लुगड्यातली मावशी, डावा हात ताईच्या पाठीवर.

“मावशे, लई दुखतंय गं...”

“दुखू दे की. तुझ्या बारीला तुझ्या आईला बैलगाडीतनं नेलतं. तुला तर मऊ शीट हाय. निवांत वरड.”

ताई त्या कळांतही हसली.

दारात गार्डनं अडवलं. “आत एकच बाई.”

“मीच जाते की,” मावशी म्हणाली.

“नाव?”

“चांदबी.”

“पेशंटचं?”

“मीरा.”

त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “नातं काय?”

“हिची पाठराखीण हाय मी.”

“तसलं नातं नसतंय. पाटी वाचा.”

“मला वाचता आलं असतं तर तुझ्या खुर्चीवर मी नसते का रे बसले?”

रांगेतल्या बाया हसल्या आणि गार्ड चिडला. माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, पाटी तुमचीच ना? तुम्हीच सांगा यांना.”

ताईला तोवर आत नेलं होतं, तिचं कण्हणं ऐकू येत होतं. वाद घालायला वेळ नव्हता हे खरं. पण त्याहून खरं हे, की आपणच मिळवलेला नियम चारचौघांत आपणच मोडायचा, याची मला लाज वाटली. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही लिंबाखाली बसा जरा. मी आहे ना आत.”

“मी बसाया आले का गं?” मग हळू आवाजात — “तुझ्या कागदात मी कुठंच न्हाई का?”

मी पाठ फिरवून आत गेले.

सव्वादोनच्या सुमारास सिस्टरनं चिठ्ठी दिली — इंजेक्शन बाहेरून आणा. मी मेडिकलकडे धावले. मावशी लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. उन्हानं डुलकी लागली असेल म्हणून हाक मारली नाही. परत येताना पाहिलं, तशीच होती.

आत शिरले तर सिस्टर माझ्यावर खेकसली, “एकच बाई म्हणून तुम्हीच भांडलात ना? मग ती म्हातारी आत कशी आली?”

“कोण म्हातारी?”

“हिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. हिरवं लुगडं... चारच बोटं हाताला. बाहेर जा म्हटलं तर माझ्याकडं बघेचना.”

खोलीत कुणीही नव्हतं. खिडकीला जाळी, दार एकच, दारात गार्ड. मीराताई कुशीवर वळलेली, चेहरा मघापेक्षा शांत. “मावशीला काही बोलू नका,” ती म्हणाली. “आत्ता कुठं बरं वाटायलंय.”

पावणेतीनला मुलगी झाली. ठणठणीत. मी ओरडतच बाहेर पळाले — “मावशी, पोरगी झाली!” खांद्याला हात लावला तर मावशी एका अंगावर कलंडली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा-पाऊण तास तरी झाला असेल. म्हणजे मी दोनदा तिच्याजवळून धावत गेले आणि दोन्ही वेळा...

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. सिस्टरनं तिला आधी दारात पाहिलं असेल? तिची ड्युटी दोनला सुरू झाली, ती रुग्णालयाच्या मागच्या फाटकानं आली होती. ताईला वेदनेत भास झाला असेल? असेल, मान्य. पण सिस्टरला कसल्या वेदना होत्या? ती बोटं तिनं कुठं मोजली? आता विचारलं तर म्हणते, “लई गर्दी असती ओ ताई, ध्यानात न्हाई.”

ताई सांगते, हात अजून पाठीवर आहे. बाळाला पाजायला घेतलं की जाणवतो, चार बोटांचा.

“भीती वाटते का?” मी विचारलं.

“मावशीची?” तिनं माझ्याकडे वेडी असल्यासारखं पाहिलं.

शेवटी परवा, काहीही न मानणारी मी तिच्यापुढं रडले. “ताई, म्हण ना गं पोचले. सोड तिला. तिच्या जिवाला विसावा मिळू दे.”

ताईनं पोरीचं टोपरं सारखं केलं आणि म्हणाली, “मी पोचले गं. तिला कुठं पोचू दिलं तुमी? आधी ती पाटी बदल. मग म्हणते.”

मी नवं निवेदन दिलंय. पाटी आजही तीच आहे. आणि जे झालं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते कुणाकडे मागतही नाही. तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जा, बाळंतपणाच्या दारावरची पाटी वाचा. ‘नातेवाईक’ लिहिलं असेल तर तिथं ‘सोबतीण’ लिहा, असा लेखी अर्ज द्या — आणि पाटी बदलेपर्यंत त्या दारातून उठू नका.